चीनचं मावंदं

काशीहून आल्यावर मावंदं घालतात. गंगेचं पाणी आणलेलं असतं, त्याची पूजा होते, चार माणसं पुरणावरणाचं जेवून जातात आणि यात्रा पुरी झाली असं समजायचं. चीनहून आल्यावर मावंदं घालायची कल्पना मात्र चंद्रहासशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती. विभावरीने त्याला एकदाच म्हणून पाहिलं, की अरे, आपण तिकडे देवाला गेलो नव्हतो, फिरायला गेलो होतो. तो म्हणाला, यात्रा ती यात्रा, आणि लोक सारखे विचारताहेत. लोकांनी काडीचंही विचारलं नव्हतं. लोक दुकानात त्याला लांबून बघून ट्रॉली दुसऱ्या गल्लीत वळवत होते.

एप्रिलात ती दोघं जाऊन आली, आणि तेव्हापासून चंद्रहासने भेटेल त्याला चीन सांगितला होता. इथे आयर्लंडात, ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सांगितला. मलिंगारला एका बारशात, पाळण्याची दोरी हातात असल्यामुळे उठून जाऊ न शकणाऱ्या आजीला सांगितला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानायला म्हणून माइक हातात आला, तर आभार बाजूला राहिले आणि चीन झाला. आता या तिन्ही ठिकाणांहून जे सुटले होते, त्यांना वेचून वेचून रविवारी दुपारी नावनला घरी जेवायला बोलावलं होतं.

नावनला रेल्वे नाही. येणार, येणार, असं ही दोघं राहायला आली तेव्हापासून ऐकताहेत. सानिका, त्यांची मुलगी, रोज सकाळी बसने धक्के खात डब्लिनला कॉलेजला जाते. अशा गावात बसून हा माणूस ताशी तीनशेच्या गाड्यांवर बोलायचा, आणि बोलायचाही असा, जणू रूळ त्यानेच टाकले होते.

पुरण विभावरीने वाटलं, पोळ्या तिने लाटल्या, कटाची आमटी, कोशिंबीर, कुरडया, सगळं तिने केलं. चंद्रहासने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि तेवढ्याने दमून सोफ्यावर बसला. गंगाजलाच्या गडूऐवजी त्याने देवापुढे चिनी चहाचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्याला हळदकुंकू वाहून झालं होतं. हाच माणूस चीनमध्ये त्या चहाला गवताचं पाणी म्हणायचा.

पाहुणे आले. नरेश चंद्रहासच्याच कंपनीतला, तेव्हा रजेवर असल्यामुळे ऑफिसातल्या चीनमधून सुटलेला. समोरचा बोलत असताना मान हलवणं हेच त्याचं निम्मं काम असावं, इतकी ती सरावाने हलायची. त्याची बायको अलकनंदा हिला जगातली प्रत्येक गोष्ट छानच वाटायची. भिंतीचा रंग छानच, कुरडया छानच, नरेशचं गुडघ्याचं ऑपरेशनही छानच झालं होतं. त्यांच्याबरोबर विनय आणि क्षितिजा, नुकतंच नावनला भाड्याने घर घेतलेलं तरुण जोडपं. त्या दोघांना चंद्रहास अजून पुरता माहीत नव्हता, म्हणून ती आनंदाने आली होती.

जेवणं झाली आणि पडदे ओढले गेले. चंद्रहासने गोष्टीला रंग चढावा म्हणून प्रवासातली कंबरेची पिशवी, आतल्या पासपोर्टांसकट, काढून आणली होती, ती शर्टाखाली बांधली. तमाशातल्या सोंगाड्यासारखा तो टीव्हीसमोर उभा राहिला. संपूर्ण चीन सांगत बसत नाही, म्हणाला, एकच दिवस सांगतो, पण तो असा आहे की अंगावर काटा येईल. विभावरी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली. कुठला दिवस ते तिला माहीत होतं. तो दिवस तिच्यावरच गुदरला होता.

सकाळ लुओयांगजवळच्या लेण्यांची होती. नदीच्या काठाने अख्खा डोंगर कोरून काढलेला, हजारो बुद्ध, काही घराएवढे, काही बोटाएवढे. टीव्हीवर फोटो सरकू लागले. एकाही फोटोत बुद्ध पुरता दिसत नव्हता, कारण मध्ये चंद्रहास होता. कुठे बुद्धाचा कान आणि चंद्रहास, कुठे बुद्धाचा गुडघा आणि चंद्रहास. एका कोनाड्यातल्या मूर्तीला डोकंच उरलेलं नव्हतं, तिथे त्याने मागे उभं राहून स्वतःचं डोकं बसवलं होतं. अलकनंदा म्हणाली, छानच.

"पण खरं सांगू का, आपल्या वेरूळपुढे काही नाही," चंद्रहास म्हणाला. नरेशची मान हलली.

वेरूळ त्याने शाळेच्या सहलीत एकदा पाहिलं होतं आणि त्यातलं त्याला फक्त तिखटमीठ लावलेला पेरू आठवत होता. पण जगात कुठेही गेला तरी तिथलं काहीतरी आपल्या कशापुढे तरी काही नसायचं. इथले समुद्रावरचे मोहेरचे कडे कोकणकड्यापुढे काही नव्हते. आयर्लंडचं लोणी चितळ्यांच्या लोण्यापुढे काही नव्हतं. इतकं सगळं तिकडे असताना हा इथे का राहतो, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याचं नशीब.

विभावरीला त्या सकाळचं वेगळं आठवत होतं. सगळ्यांत मोठ्या बुद्धापुढे ती जी उभी राहिली ती राहिलीच. तो चेहरा एका राणीवरून घडवलाय असं तिकडे म्हणतात, असं शेजारच्या गटाची गाइड सांगत होती. खरं असो, खोटं असो, चेहरा बाईचाच वाटत होता, आणि त्या बाईला कसलीही घाई नव्हती. तिला कुणी पुढून हाक मारत नव्हतं. विभावरीला मारत होतं. चंद्रहास पायऱ्या उतरून केव्हाच पुढे गेला होता आणि खालून ओरडत होता, की दगडच आहे तो, चल.

पुढे चालायची ही त्याची सवय लग्नाइतकीच जुनी. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं लक्ष्मी रोडला गेली होती तेव्हाच तो चार पावलं पुढे चालला, आणि तेव्हापासून ते अंतर कमी झालं नाही. बाजारात, विमानतळावर, अगदी स्मशानातही तो पुढे आणि ती मागे. मागे वळून कधी बघायचं नाही. बघायची गरजच काय, बायको मागे असतेच. तिच्या ओळखीतले निम्मे नवरे असेच चालतात, आणि बायकाही त्याला नवरा जोरात चालतो एवढंच म्हणतात.

मग टीव्हीवर स्टेशन आलं. विमानतळाएवढं मोठं, चकचकीत. चंद्रहासने आवाज खाली आणला, आणि गोष्ट सुरू झाली.

त्याची गोष्ट अशी होती. संध्याकाळी शीआनला पोचायचं होतं, गाडी वेळेवर होती, सगळं त्याने व्यवस्थित लावलेलं होतं. आणि ऐन वेळी ही बाई पाणी भरायला म्हणून जी गेली ती गेलीच. कुठे काय बघत बसली देव जाणे. हिचं हे नेहमीचं, लक्षच नसतं. हा बिचारा आत जाऊन जागा धरतो तर गाडी सुटली. मग तो उठला. डबे पालथे घातले. माणसांना ढकलत गार्डला गाठलं, गाडी थांबवा म्हणून दम दिला. भाषा येत नाही, पण डोळ्यांत अंगार होता, तो कुठल्याही भाषेत कळतो. बिजिंगला आयरिश आणि भारतीय, दोन्ही वकिलातींना फोन लावले. शेवटी त्याने कंबरेच्या पिशवीवर थाप मारली आणि म्हणाला, "दोघांचे पासपोर्ट ह्याच्यात होते, माझ्याजवळ, म्हणून ही आज तुम्हाला पोळ्या वाढतेय. हिच्याजवळ असते तर तेही हरवले असते."

ब्लँचर्डस्टाउनला सांगताना तो दोनच डबे धावला होता. मलिंगारला सगळी गाडी धावला. आज ड्रायव्हरच्या दारावर थापा मारून आला. वकिलाती तर आज नावनलाच पहिल्यांदा आल्या.

घडलं होतं ते इतकंच. चंद्रहासला तिकडचा चहा चालत नव्हता. मसाला, दुधाची भुकटी, साखर, वर दशम्या-चटणीचा डबा, असं सगळं घरून बांधून नेलं होतं. चीनच्या स्टेशनांत उकळत्या पाण्याचे नळ असतात हे कळल्यापासून प्रत्येक स्टेशनात फ्लास्क विभावरीच्या हातात यायचा. त्या दुपारीही तोच म्हणाला होता, जा, भरून आण, अजून वेळ आहे. नळापाशी रांग होती. ती परत आली तेव्हा गाडीचं गेट उघडून बंदही झालं होतं. तिकडे गाडी सुटायच्या आधीच गेट लावतात आणि मग प्रत्यक्ष देव आला तरी उघडत नाहीत. बाकावर बॅगा नव्हत्या आणि नवराही नव्हता.

तो गेला होता. रांग सरकली तसा सरकला, आपला लाल आयरिश पासपोर्ट दाखवून आत गेला, दोन्ही बॅगा घेऊन खाली फलाटावर उतरला आणि गाडीत खिडकीजवळ बसला. बायको मागे येतच होती की.

विभावरीजवळ एक फ्लास्क होता. तिचा निळा भारतीय पासपोर्ट त्याच्या कंबरेला होता, कारण कागदपत्रं एकाकडेच असलेली बरी. पैसे त्याच्या फोनात होते. तिकडचं सिमही त्याने एकच घेतलं होतं. आपण बरोबरच असणार, दोन कशाला. ही बाई नावनच्या हॉस्पिटलात लॅबमध्ये काम करते. इतक्या वर्षांत तिच्या हातून एक नमुना इकडचा तिकडे झालेला नाही. आणि ती परक्या देशात, गेटच्या काचेला हात लावून, हरवलेल्या सामानासारखी उभी होती. घशाला कोरड पडली होती. हातात दोन पेले उकळतं पाणी होतं आणि पिता येत नव्हतं.

तिथल्या एका कर्मचारी मुलीने तिला पाहिलं. फोनवर भाषांतर करत करत सगळं समजून घेतलं. विभावरीने नवऱ्याचं नाव, सासऱ्यांच्या नावासकट, कागदावर लिहून दिलं. त्या मुलीने त्याचा डबा शोधला, गाडीत कळवलं. गाडीतल्या बाईने चंद्रहासच्या पिशवीतल्या पासपोर्टाचा फोटो काढून पाठवला, आणि त्यावर विभावरीला पुढच्या गाडीत बसवून दिलं. गाडी शोधली त्या मुलीने, निरोप दिला त्या मुलीने. कुणी डबे पालथे घातले नव्हते. हे विभावरीला त्याच दिवशी कळलं होतं.

तरी ती गप्प राहिली होती. ऑफिसची गोष्ट तिच्या कानावर आली तेव्हाही, मलिंगारलाही, मंडळातही. त्याचं कारण एकच होतं. शीआनच्या फलाटावर चंद्रहास उभा होता, डोळे लाल, केस विसकटलेले, आणि तिचा दंड घट्ट धरून तो म्हणाला होता, "जीव गेला होता गं माझा." इतक्या वर्षांच्या संसारात त्याने असं काही म्हटलेलं हे पहिलंच. बाकीचं सगळं, ते धावणं, ते दम देणं, ती फुशारकी होती, आणि फुशारकीशिवाय त्याला अन्न पचत नाही हे ती जाणून होती. पण तो घाबरला होता. ती नाही म्हटल्यावर त्याचं काळीज हललं होतं. तेवढं एक खरं असलं तर बाकीची टिमकी त्याने खुशाल आणखी दहा घरांत वाजवावी, असं तिने स्वतःशी ठरवलं होतं. हॉटेलात गेल्यावर दशम्यांचा डबा धुवायला काढला तर तो रिकामा निघाला. चटणीसुद्धा बोटाने पुसून खाल्लेली होती. तेही तिने पोटात घातलं. भीतीने माणूस खातो कधी कधी, असं मनाशी म्हणाली. त्याच फ्लास्कातल्या पाण्याचा तिने त्याला चहाही करून दिला.

आता टीव्हीसमोर तो त्याच ठिकाणी पोचला होता. "जीव गेला होता माझा," तो पाहुण्यांना म्हणाला, आणि इथे तो नेहमी थांबतो तसा थांबला. "दोन तास. घास उतरला नाही घशाखाली."

क्षितिजाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. विभावरीने मान खाली घातली. त्या रिकाम्या डब्याचं आपण कुणाला सांगणार नाही, हे तिने तेव्हाही मनात पुन्हा एकदा म्हटलं.

सानिका पोळी घ्यायला म्हणून वरून खाली आली होती आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बशी मांडीवर घेऊन बसली होती. वडलांची गोष्ट तिने आजवर ऐकलीच नव्हती. वडील बोलायला लागले की कानांत काहीतरी खुपसून निघून जायचं, हे ती लहानपणीच शिकली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथलं इंग्रजी, शेजारच्या पोरींसारखं गाऊन गाऊन. तिने विचारलं, की हा तोच दिवस का, बाबाने गाडीतून व्हिडिओ कॉल केला होता तो? ती तेव्हा सकाळच्या बसमध्ये होती, गाडीचा वेग दाखवायला केला होता तो?

चंद्रहास म्हणाला, तो दुसरा दिवस असेल.

सानिका म्हणाली, नाही, त्याच दिवशी. मागच्या दारची कचऱ्याची हिरवी बिन बाहेर काढलीस का, म्हणून तू विचारलंस, आणि मी विसरले होते. त्या आठवड्यात बिन तशीच भरलेली राहिली, म्हणून तिला पक्कं आठवत होतं. लेणी बघून आलो आणि आता शीआनला चाललोय, असंही तो म्हणाला होता. तोंडात काहीतरी होतं, दशमी. डब्याच्या दारावर वेगाचा आकडा होता तो त्याने दाखवला. मग तिने विचारलं, आई कुठेय.

"यू सेड आई वॉज अस्लीप, बाबा."

टीव्हीवरचे फोटो आपोआप पुढे सरकत होते. चंद्रहास एका पॅगोडापुढे अंगठा वर करून उभा होता.

विभावरीला पहिल्यांदा वाटलं, की तेव्हा त्याला कळलंच नसेल, आपण मागे राहिल्याचं. पण ते जुळत नव्हतं. शेजारची जागा रिकामी दिसल्याशिवाय कुणी झोपलीय असं सांगत नाही. त्याने जागा पाहिली होती. पाहून दशम्यांचा डबा उघडला होता, लेकीला फोन लावला होता, आणि फोन खिडकीकडे धरला होता.

"अगं, पोरीला तिकडे घाबरवायचं कशाला?" चंद्रहास म्हणाला. त्याने हे चटकन म्हटलं, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच ते बरं वाटलं. "एकटी पोर, बसमध्ये. म्हणून म्हटलं, आई झोपलीय, ऑल ग्रँड. बाप आहे मी."

नरेशची मान हलली. बरोबर आहे, तो म्हणाला, बापाचं काळीज. अलकनंदा म्हणाली, छानच केलंत. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण क्षणभर विभावरीलाही ते घेऊन टाकावंसं वाटलं. एखाद्या दयाळू माणसाने म्हटलं असतं, की तो भेदरूनच लेकीला फोन लावून बसला असेल आणि मग तोंडातून शब्द फुटला नसेल. विभावरीही ते मान्य करायच्या बेतात होती.

पण सानिकाचं बोलणं संपलं नव्हतं. मनात आलं ते बोलून मोकळं व्हायचं ही तिची इथली शिकवण. ती म्हणाली, बट यू वेअर लाफिंग. ही झोपली की प्रवास कसा शांत होतो बघ, असं तू म्हणालास, आणि मीही हसले. एवढं म्हणेपर्यंत तिला स्वतःला उमगलं की आपण काय सांगतोय, आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडात राहिलं. तिने आईकडे पाहिलं. मग बशीकडे.

विभावरीला राग आला असता तर बरं झालं असतं. राग तिला माणसांचा यायचा. नवरा टीव्हीसमोर उभा होता, कंबरेला पिशवी, हातात रिमोट, आणि आता कुठलं बटण दाबावं हे त्याला कळत नव्हतं. तिला तो एवढासा दिसला. ह्याच्या मागे चालले, असं तिला वाटलं, इतकी वर्षं ह्याच्या मागे. हा तर पुढे कुठे जायचं ते बघून चालतच नव्हता, नुसताच पुढे होता. भीती वाटायलासुद्धा थोडं माणूस असावं लागतं. ह्याच्यापाशी बिनची काळजी होती. बिनपुरतं काळीज देवाने दिलं होतं, ते त्याने वापरलं होतं.

अलकनंदाला असल्या शांततेची सवय नव्हती. तिने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, की चला, हे बाई फारच गंभीर झालं. मावंदं आहे आणि अजून उखाणा झाला नाही. "विभा, उखाणा घे. त्याशिवाय आम्ही उठत नाही."

नरेशनेही री ओढली, वहिनी, झालाच पाहिजे. चंद्रहासचा चेहरा उजळला. बुडत्याला काडी मिळावी तसा तो उखाण्याला लटकला, आणि म्हणाला, घे की गं, त्यात काय.

विभावरी उठली. लग्नात घेतला होता तो उखाणा तिला अजून पाठ होता, त्यात चांदीची वाटी होती आणि जाईजुईचा वेल होता. पदराला हात पुसत ती पुढे आली, देवापाशी, चहाच्या डब्याजवळ उभी राहिली आणि एका दमात म्हणाली,

"फ्लास्क घेऊन काचेपाशी उभी होते रोखून श्वास,
'झोपलीय ती' म्हणाले लेकीला, आमचे चंद्रहास."

अलकनंदा सवयीने छानच म्हणायला गेली, आणि तिचे ओठ तसेच राहिले. तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी छान वाटलं नाही. नरेशची मान हलायची थांबली. क्षितिजाने विनयचा हात सोडला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हे काय, चारचौघांत," चंद्रहास पुटपुटला. "चेष्टेची पण काही..."

"माझा पासपोर्ट दे," विभावरी म्हणाली.

"आत्ता? कशाला?"

"उशाशी ठेवते. मी झोपलेली असते ना."

तिने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. चंद्रहासने एकदा नरेशकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. मग त्याने सगळ्यांसमोर शर्ट वर केला. पोट दिसलं. पिशवीची चेन अर्ध्यात अडकली, ती त्याने दोनदा मागेपुढे ओढली. लाल पासपोर्टाच्या पाठीमागून निळा निघाला, घामाने जरासा ओलसर.

विभावरीने तो घेतला, पदराला पुसला. सानिका जिन्याच्या पायरीवरून उठून भिंतीला चिकटून उभी राहिली, आईला वाट द्यायला. जाताना विभावरीने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायऱ्या चढू लागली. खालून चंद्रहासने हाक मारली, अगं विभा, पाहुणे आहेत, चहा तरी. मग त्याची पावलं जिन्यापर्यंत आलेली ऐकू आली. तिने मागे वळून पाहिलं नाही.